वाँकाच्या कारखान्यात कामाला कोण होतं?

मंडळी, पोरांबरोबर 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' तुम्हीही कधीतरी बघितला असेल. चॉकलेटची नदी, खाता येणारं गवत, चघळून न संपणारी गोळी. पोरं नदीकडे बघतात. मी हल्ली त्या कारखान्यातल्या कामगारांकडे बघतो. सिनेमा काल्पनिक आहे हे मान्य, पण त्या कामगारांचा इतिहास अगदी खरा आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी मूळ गोष्ट. रोआल्ड डाल यांचं पुस्तक अमेरिकेत १९६४ साली आलं. त्यात विली वाँकाच्या पाककृती हेर चोरतात, म्हणून तो गावातले सगळे कामगार एका दिवसात घरी पाठवतो. काही वर्षांनी धुराडं पुन्हा धूर ओकू लागतं, पण फाटकातून कुणी आत जाताना दिसत नाही की बाहेर येताना. आत असतात ऊम्पा-लूम्पा. दुरून आणलेले, तिथेच राहणारे, तिथेच काम करणारे. पगार म्हणून कोकोच्या बिया! नव्या गोळ्यांची चाचणीही त्यांच्यावरच. एका च्युइंगमपायी वीस ऊम्पा-लूम्पांचं ब्लूबेरी होतं, आणि वाँका हे हसतखेळत सांगतो.

हेरांचा भाग हवेतला नव्हता. १९३० च्या सुमारास डाल इंग्लंडमधल्या रेप्टन शाळेत होते, तेव्हा कॅडबरी कंपनी तिथल्या मुलांना नवीन चॉकलेटांचे नमुने चाखायला पाठवायची. इंग्रज चॉकलेट कंपन्या एकमेकींवर हेर सोडत, असं तेव्हा बोललं जायचंच. पण कामगारांचा भाग? पहिल्या आवृत्तीतले ऊम्पा-लूम्पा सरळसरळ आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले काळे पिग्मी होते. खोक्यांत भरून, बोटीनं आणलेले.

कोको आणि आफ्रिकन मजूर ही जोडी डाल यांच्या आधीची आहे. आपल्याकडे चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणायची सवय आहे, म्हणून त्याच कंपनीचं सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा बराच कोको साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून यायचा. मजूर अंगोलातून आणलेले. कागदावर करारबद्ध, प्रत्यक्षात घरी परतण्याची सोय नसलेले. पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तिथे जाऊन आले आणि १९०६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'अ मॉडर्न स्लेव्हरी'. कॅडबरी मंडळी क्वेकर पंथाची, गुलामगिरीविरोधी चळवळीत पुढे असणारी. अफवा त्यांच्या कानावर १९०१ मध्येच आल्या होत्या. चौकशी, पत्रव्यवहार, पोर्तुगीज सरकारकडे रदबदली असं बरंच झालं. खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्रानं या ढोंगावर बोट ठेवलं तेव्हा कंपनीनं बदनामीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमला ज्युरीनं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला, पण भरपाई दिली एक फार्दिंग. म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. ज्युरीला काय म्हणायचं होतं ते सगळ्या देशाला कळलं.

आता सिनेमाकडे. १९७१ च्या पहिल्या सिनेमाला पैसा दिला क्वेकर ओट्स कंपनीनं. (नावापलीकडे पंथाशी संबंध नाही.) त्यांना बाजारात गोळ्या-चॉकलेट आणायची होती, त्यामुळे सिनेमा हीच जाहिरात. पुस्तकात नाव चार्लीचं, सिनेमात मात्र ते विली वाँकाचं झालं, कारण वेष्टनावर 'वाँका' छापायचं होतं. गंमत म्हणजे सिनेमा तेव्हा बेताचाच चालला. पोरांच्या स्वप्नात माल घुसवायची ही युक्ती मात्र नंतर कुणीच सोडली नाही.

त्याच वेळी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेनं आक्षेप घेतला: काळे, बिनपगारी, बाहेरून आणलेले मजूर आणि गोरा मालक, हे आम्ही करमणूक म्हणून बघायचं? निर्मात्यांनी तोडगा काढला रंगाचा. ऊम्पा-लूम्पा नारिंगी झाले, केस हिरवे. १९७३ मध्ये डाल यांनीही पुस्तक बदललं. तिथे ते गोरेपान झाले. माझा मुद्दा इथेच आहे. कातडी बदलली, पगार तोच राहिला: कोकोच्या बिया.

२००५ च्या टिम बर्टनच्या सिनेमात सगळे ऊम्पा-लूम्पा एकाच माणसानं केले, दीप रॉय यांनी. जन्म नैरोबीचा, आईवडील भारतीय. तब्बल १६५ ऊम्पा-लूम्पा, तोच चेहरा. एकसारखे दिसणारे, नाव नसलेले मजूर यापेक्षा स्पष्ट कसे दाखवणार? या सिनेमाला निदान गावातल्या कामगारांची आठवण आहे. चार्लीचे आजोबा वाँकानं काढलेल्यांपैकीच एक. वडील टूथपेस्टच्या नळ्यांना टोपणं लावतात. लोक गोळ्या जास्त खाऊ लागतात, दात किडतात, टूथपेस्टचा खप वाढतो, आलेल्या पैशातून मालक यंत्र घेतो आणि वडिलांची नोकरी जाते. अर्थशास्त्राचा आख्खा धडा मिनिटभरात!

२०२३ च्या 'वाँका'नं हिशेब उलटा केला. इथे वाँकानंच ऊम्पा-लूम्पांच्या बेटावरून कोकोच्या बिया चोरल्यात आणि एक ऊम्पा-लूम्पा वसुलीला त्याच्या मागे लागलाय. शिवाय स्वतः वाँका न वाचलेल्या करारावर सही करून धोबीखान्यात वेठीला जुंपला जातो. कर्ज फिटतच नाही. सावकारी पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. वसुली करणारा तो ऊम्पा-लूम्पा शेवटी कारखान्यात चव चाखण्याच्या विभागाचा प्रमुख होतो. ज्यांच्यावर चाचण्या व्हायच्या, त्यांच्यातलाच एक. हा बदल मला मनापासून आवडला.

पडद्याबाहेरचा हिशेब मात्र अजून उघडाच आहे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेनं केलेल्या पाहणीनुसार तिथल्या कोको शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं बालमजुरीत होती. मालीच्या सहा जणांनी, लहानपणी आपल्याला आयव्हरी कोस्टच्या कोको मळ्यांत गुलामासारखं राबवलं म्हणून, नेस्ले आणि कारगिल या कंपन्यांवर अमेरिकेत दावा लावला होता. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ८ विरुद्ध १ मतांनी फेटाळला. गुलामी झालीच नाही असं न्यायालय म्हणालं नाही. त्रास परदेशात झाला, अमेरिकेत फक्त कंपनीचे सर्वसाधारण निर्णय झाले, तेवढ्यावर इथे दावा चालणार नाही, इतकंच.

आणि १९८८ ते २०१८ अशी तीस वर्षं 'वाँका' हा ब्रँड कुणाकडे होता? नेस्लेकडेच.