हॉक्सनचा निधी : अबाधित संदर्भाचे ऐतिहासिक मूल्य

इतिहासाच्या साधनांत नाणेनिधीचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. परंतु निधी कोणत्या अवस्थेत उजेडात आला, यावर त्याची साक्ष कितपत बोलकी ठरेल हे अवलंबून असते. इंग्लंडमधील सफोक परगण्यातील हॉक्सन येथील निधी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

दि. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी तेथील एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधण्यासाठी त्याच्या परिचयातील एक सेवानिवृत्त माळी मेटल डिटेक्टर घेऊन शेतात गेला. यंत्राच्या संकेतावरून खणले असता चांदीचे चमचे, सुवर्णालंकार व नाणी निघू लागली. काही वस्तू हाती येताच त्याने खोदकाम थांबवून ही वार्ता कळविली आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले. (हातोडाही सापडला; तोदेखील ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात गेला.)

सुमारे १५,००० नाणी व २०० इतर वस्तू असा हा संचय आहे. मात्र केवळ सोने-चांदी गोळा केली असती, तर कुजलेल्या लाकडी पेटीच्या खुणा, आतील लहान डब्यांची चांदीची कुलुपे आणि वाडग्यांमध्ये घातलेले गवत यांची नोंद झाली नसती. हा ऐवज घाईघाईने नव्हे, तर निगुतीने बांधून पुरला गेला, हा निष्कर्ष या क्षुल्लक अवशेषांवरच उभा आहे.

सर्वांत अलीकडील नाणी इ. स. ४०७-४०८ मधील, तिसऱ्या कॉन्स्टंटाइनच्या काळातील आहेत. म्हणजे ब्रिटनवरील रोमन सत्ता ओसरत असताना किंवा त्यानंतर हा निधी पुरला गेला. 'सिलिक्वा' या चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांच्या कडा कातरलेल्या असून सम्राटाची मुखाकृती मात्र शाबूत ठेवलेली आहे. नवीन नाण्यांचा पुरवठा थांबला, तरी जुन्या मुद्रेवरील विश्वास टिकून होता, असे यावरून अनुमान करता येते.

निधीत मिरपूड ठेवण्याची चांदीची चार पात्रे आहेत. त्यांपैकी एक स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचे आहे. काळी मिरी मलबारची. भारत-रोम व्यापाराचा विचार आपल्याकडे अरिकमेडू किंवा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतील पोसायडनच्या कांस्यमूर्तीवरून होतो. त्या व्यापाराचे दुसरे टोक येथे दिसते.

निधीचे मूल्य १७.५ लाख पौंड ठरविण्यात आले. शोधकर्त्यास ते बक्षीस म्हणून मिळाले व त्याने त्यात शेतकऱ्यासही वाटा दिला. पुढे १९९६ च्या 'ट्रेझर अॅक्ट'ने तेथील जुनी व्यवस्था बदलली. भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम याहून कितीतरी जुना आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक असून, पुरणाऱ्याचा मालकी हक्क सिद्ध न झाल्यास आणि अन्य करार नसल्यास तीन-चतुर्थांश वाटा शोधकर्त्याचा, उर्वरित जागामालकाचा, अशी तरतूद त्यात आहे. शासनास निधी हवा असल्यास मूल्याच्या एक-पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. निधी दडविणाऱ्यास शिक्षा आहे, पण कळविणाऱ्याच्या पदरातही काही पडते, ही बाब खेडोपाडी क्वचितच ठाऊक असते. पाया खणताना निघालेले नाण्यांचे गाडगे सोनाराच्या मुशीत गेले, की शेवटचे नाणे कोणत्या राजाचे होते हे विचारावयाचे कोणाला?