वाकडा हात आणि चार पट्ट्या

1955 च्या डिसेंबरात ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या सिनेमाची रिळं अमेरिकेतल्या थिएटरांत पोचली, तेव्हा डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी एक चिठ्ठी डकवलेली होती. टायटल्स सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा, एवढंच त्यात म्हटलं होतं. आज ही सूचना चमत्कारिक वाटेल. पण त्या काळी सिनेमाची सुरुवातीची नावं बंद मखमली पडद्यावरच पडायची. प्रेक्षक अंधारात आपली खुर्ची चाचपडत असत, पॉपकॉर्नचा खच पडत असे, आणि कपडेपटापासून कॅमेऱ्यापर्यंतची सगळी नावं कुणी न वाचताच विरून जात. नावं संपली की पडदा सरकायचा आणि ‘सिनेमा’ सुरू व्हायचा.

ज्या दीड मिनिटासाठी दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने ही प्रथा मोडायला लावली, त्यात ना चेहरा होता ना देखावा. काळ्या पार्श्वभूमीवर वरून एक पांढरी पट्टी उतरते. मग आणखी तीन. एल्मर बर्नस्टीनच्या जॅझवर त्या पट्ट्या सरकतात, आडव्या होतात, एकमेकींना छेदतात, त्यांच्यामधल्या जागेत नावं उमटतात. शेवटी प्रेमिंजरचं नाव येतं आणि खाली उतरणारी पट्टी एकाएकी वेडीवाकडी होऊन हात बनते. बोटं ताठरलेली, कोपर तुटल्यासारखं. हाच हात शहरभर लागलेल्या पोस्टरवर होता.

पोस्टरचं चित्र हलतं करायची ही कल्पना सॉल बासची. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1920 साली जन्मलेला, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा जाहिरातींच्या धंद्यात शिरला आणि नोकरी करता करता ब्रुकलिन कॉलेजात ग्योर्गी केपेशच्या वर्गात बसू लागला. हंगेरीतून आलेला केपेश बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या विचारात मुरलेला होता. रेषा, आकार आणि रिकामी जागा हीच चित्राची खरी सामग्री, सजावट नंतर, हे त्याचं शिकवणं. 1946 साली बास लॉस एंजलिसला गेला आणि हॉलिवूडच्या जाहिराती करू लागला. त्या जाहिरातींचा शिरस्ता अगदी उलटा होता: चुंबन, पिस्तूल, जळतं जहाज, चार नटांचे चेहरे आणि वर तीन विशेषणं. जे जे सिनेमात आहे ते सगळं एका कागदावर कोंबायचं. कुठल्या ना कुठल्या गोष्टीसाठी तरी माणूस तिकीट काढेलच, हा हिशेब.

प्रेमिंजरच्या ‘कार्मेन जोन्स’साठी 1954 साली बासने गुलाब आणि ज्योत असं एक चिन्ह केलं. दोघे ते पाहत बसले असताना हे हलवून पाहू या, असं निघालं. सिनेमाच्या आरंभी मग गुलाबाच्या रेषांमागे खरी ज्योत जळत राहिली. प्रयोग साधा होता. त्याची खरी ताकद पुढच्या वर्षी दिसली.

नेल्सन ऑल्ग्रेनच्या कादंबरीतला फ्रँकी मशीन हा जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटणारा. पत्ते पिसण्यात आणि वाटण्यात तो इतका वाकबगार की त्याचा हात सोन्याचा म्हणून नावाजलेला. त्याच हाताने त्याला आता ड्रम वाजवायचे आहेत, सरळ मार्गाला लागायचं आहे. आणि त्याच हाताच्या शिरेत गर्दची सुई शिरते. पत्ते, ड्रम, सुई: कथेतले तिन्ही रस्ते एका अवयवातून जातात. फ्रँक सिनात्राने ही भूमिका केली. सिनेमात कळीचा प्रसंग येतो तो बाही वर सरकवली जाण्याचा आणि त्यानंतर त्याच्या डोळ्यांत उतरत जाणाऱ्या सुस्तीचा. दुसऱ्या कुणी पोस्टर केलं असतं तर तिथे सुई आलीच असती. बासने सुई वगळली आणि जिला ती टोचते ती वस्तू तेवढी ठेवली. हातच असा वाकवला की सुई काढायची गरज उरली नाही.

हे करायला धाडस लागत होतं, आणि ते केवळ कलेपुरतं नव्हतं. व्यसनाचं चित्रण तेव्हाच्या हॉलिवूडच्या निर्मिती-संहितेत, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या नियमांत, बसत नव्हतं. सिनेमा संहितेच्या शिक्क्याविनाच प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी ती संहिता सैल करावी लागली. सुई दाखवणारं पोस्टर वर्तमानपत्रांनी छापलंच असतं असं नाही. हाताला मात्र कोण हरकत घेणार? न्यूयॉर्कमध्ये थिएटरच्या दर्शनी भागावर सिनेमाचं नावही न लिहिता नुसता हात लावला होता, असं सांगतात.

वितरकांना मात्र सिनात्राचा चेहरा फुकट घालवणं परवडणारं नव्हतं. सर्वत्र गेलेल्या पोस्टरवर मध्ये हात आहे आणि भोवतीच्या रंगीत चौकोनांत सिनात्रा, किम नोवॅक आणि एलिनॉर पार्कर यांचे फोटो आहेत. डिझाइनच्या पुस्तकांत बासची सोवळी आवृत्ती छापतात. भिंतींवर लागली ती ही तडजोड. खरं तर ती वाईट दिसत नाही. फोटो बाजूला पडतात आणि नजर हातावरच जाते.

पोस्टर आणि त्याचं हलतं रूप यांत एक मूलभूत फरक आहे, आणि बासची सगळी करामत त्या फरकावर उभी आहे. रस्त्याने जाणाऱ्याला पोस्टर दोन सेकंदांत सगळं सांगून टाकतं. थिएटरात बसलेला माणूस कुठे जात नाही, त्याला थांबवून ठेवता येतं. म्हणून बासने हालचाल वापरली ती चित्र लांबणीवर टाकण्यासाठी. पट्ट्या म्हणजे काय हे दीड मिनिट कळत नाही, आणि कळतं तेव्हा प्रेक्षकाला बाहेर पाहिलेलं पोस्टर आठवतं. फ्रान्स्वाज सागाँच्या कादंबरीवरच्या ‘बॉंजूर त्रिस्तेस’मध्ये (1958) रंगीत ठिपके आणि फुलं पडत राहतात, हळूहळू त्यांचे थेंब होतात आणि अखेरीस पोस्टरवरचा चेहरा येतो, डोळ्यातून आसू ओघळणारा. मौजमजेच्या सुट्टीचं दुःखात पर्यवसान होतं, ही पूर्ण कथा ठिपक्यांनी सांगून झालेली असते.

‘ॲनाटमी ऑफ अ मर्डर’मध्ये (1959) त्याने उलटी चाल केली. पोस्टरवर तुकड्यांत कापलेली एक मानवाकृती आहे, कागदातून कात्रीने ओबडधोबड कापावी तशी. पडद्यावर ड्यूक एलिंग्टनच्या संगीताच्या ठेक्यावर पाय, हात, डोकं सुटे सुटे येतात आणि जातात. मिशिगनच्या एका न्यायाधीशाने टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीवरचा हा खटल्याचा सिनेमा. खून कसा झाला ते प्रेक्षकाला कधीच दाखवलं जात नाही, वकील त्याचे तुकडे मांडत राहतात. म्हणजे पोस्टरने खुनाचा प्रसंग दाखवलाच नाही. कोर्टात त्या प्रसंगाचं जे होतं ते दाखवलं. ही आकृती इतकी डोक्यात बसली की 1995 साली स्पाइक लीच्या ‘क्लॉकर्स’च्या पोस्टरवर तिची भावंड वाटावी अशी आकृती झळकली आणि म्हाताऱ्या बासने उघड नाराजी व्यक्त केली.

हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चं (1958) पोस्टर नीट पाहण्यासारखं आहे. शेंदरी-लाल रंगावर पांढरी सर्पिल भोवऱ्यागत आत ओढत जाते आणि मधोमध दोन आकृती कोसळताहेत. पुरुष पूर्ण काळ्या रंगाने भरलेला आहे. बाई मात्र नुसती बाह्यरेषा, आत पोकळ, तिच्यातून मागचं सगळं दिसतं. ज्याने सिनेमा पाहिला आहे त्याला हे जाणवून शहारा येईल, कारण ज्या बाईवर नायक जीव टाकतो ती मुळात रचलेलं सोंग असते. सान हुआन बाउतिस्ताच्या घंटाघरावरून पडण्याचा प्रसंग कथेचा कणा; त्यात घंटाघर, जिना, शव असं सारं आहे. पोस्टरने त्यातलं काहीच घेतलं नाही, फक्त पडणं आणि पोकळी.

या सर्पिली हलत्या कशा करायच्या हा प्रश्न होताच. फ्रेंच शास्त्रज्ञ लिसाजूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्ररेषा बासला आधीपासून खुणावत होत्या, पण हाताने त्या फ्रेमागणिक अचूक काढणं जवळजवळ अशक्य. जॉन व्हिटनी या प्रयोगशील कलावंताने महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम साधणारं, मोडीत निघालेलं यंत्र त्यासाठी जुंपलं. शत्रूच्या विमानाचा माग काढण्यासाठी फिरणारी त्याची चाकं आता एका बाईच्या डोळ्यातून निघणारे भोवरे रेखाटू लागली. पोस्टरवरच्या माणसांच्या आकृतीत बासच्या ऑफिसातल्या आर्ट गुडमनचा हात होता. ‘सायको’च्या (1960) टायटल्ससाठी हॅरल्ड ॲडलर आणि मंडळींनी ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या हातांनी ढकलल्या. एलेन मॅकाटुरा ऑफिसात रुजू झाली, 1961 साली बासशी लग्न झालं, आणि पुढची टायटल्स दोघांची मिळून. तरी जगाच्या तोंडी नाव एकच राहिलं. हलतं पोस्टर हे कायम अनेक हातांचं काम होतं, आणि श्रेयाचं भांडण त्याला सुरुवातीपासून चिकटलेलं आहे.

त्यातलं सर्वांत गाजलेलं भांडण ‘सायको’चंच. इथे बासने नेहमीचा क्रम उलटवला: तयार प्रसंगाचं एक चित्र करण्याऐवजी एका प्रसंगाचीच चित्रं चितारली. न्हाणीघरातल्या खुनासाठी त्याने स्टोरीबोर्ड काढले. पडद्यामागची सावली, फवारा, उघडं तोंड, फाटत गेलेला पडदा, निश्चल डोळा. प्रत्येक चौकट सुटी काढून भिंतीवर लावावी अशी. सिनेमात त्याचं नाव ‘पिक्टोरियल कन्सल्टंट’ म्हणून आलं. पुढे त्याने तो प्रसंग आपणच चित्रित केल्याचा दावा केला. नायिका जॅनेट ली आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीन यांनी तो ठामपणे खोडून काढला. सेटवर दिग्दर्शन हिचकॉकनेच केलं यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण तो प्रसंग चित्रांच्या तुकड्यांत विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघाला आहे, हे स्टोरीबोर्ड पाहिले की कळतं.

आपल्याकडे पोस्टरची परंपरा भरगच्च. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं (1924) पोस्टर उपलब्ध भारतीय पोस्टरांतल्या सर्वांत जुन्यांपैकी मानतात. मुंबईत मोठमोठी होर्डिंगं रंगवून चित्रकार हुसेन यांनी पोट भरलं, आणि सत्तरच्या दशकात दिवाकर करकऱ्यांच्या ब्रशने अमिताभचा संताप भिंतीभर पसरवला. त्या पोस्टरांचा दिमाख वेगळाच, आणि तिथे काटकसर अपेक्षितही नव्हती. काटकसर आली ती जाहिरात कंपनीत कमर्शियल आर्टिस्ट म्हणून घडलेल्या सत्यजित राय यांच्याकडून. ‘देवी’च्या (1960) आरंभी मूर्तीचा पांढरा, कोरा चेहरा दिसतो, नावं येत जातात तसतसे त्याला डोळे, रंग, केस, दागिने चढत जातात. सासऱ्याच्या एका स्वप्नापायी घरातल्या सुनेची देवी करून तिला पूजेला बसवलं जातं, ही सिनेमाची कळ. ती कथा सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर घडून गेलेली असते.

राय यांच्याच ‘शतरंज के खिलाडी’साठी (1977) मुंबईच्या राम मोहन यांनी ॲनिमेशन केलं. फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग 1956 साली उभा राहिला, तेव्हा डिस्नीतून आलेल्या क्लेअर वीक्सच्या हाताखाली ते शिकले होते. संस्थानं खालसा करत सुटलेला गव्हर्नर जनरल डलहौसी, कंपनीचे तह, अवधचा नंबर: ही सारी राजकीय खटपट तिथे चेरीची फळं गट्टम करणाऱ्या साहेबाच्या चित्रांनी उरकली आहे. डलहौसीनेच पत्रात अवधला चेरीची उपमा दिली होती, म्हणून हे चिन्ह इतिहासातूनच उचललेलं. प्रेमचंदांच्या मूळ कथेत बुद्धिबळ खेळणारे दोन जहागीरदार आहेत; त्यांच्या भोवतीचं राज्य गिळलं जाणं इतक्या थोडक्यात सांगितलेलं दुसरं उदाहरण हिंदी सिनेमात सापडणं कठीण.

हॉलिवूडमध्ये साठच्या दशकाअखेर या टायटल्सचा भर ओसरला. बासने स्वतःचा ‘फेज फोर’ (1974) काढला, तो चालला नाही. त्याआधी त्याच्या ‘व्हाय मॅन क्रिएट्स’ या लघुपटाला ऑस्कर मिळालं होतं. पैसा कंपन्यांच्या लोगोंतून येत होता. बेल आणि एटी अँड टी या टेलिफोन कंपन्यांची चिन्हं त्याच्या ऑफिसातून निघाली. ‘द शायनिंग’साठी स्टॅन्ली कुब्रिकने त्याची रेखाटनं एकामागून एक नाकारली, समासात शेरे लिहून लिहून. अखेर पिवळ्या पार्श्वभूमीवर अक्षरांतून डोकावणारा भेदरलेला चेहरा पसंत पडला.

नव्वदीत मार्टिन स्कोर्सेसीने बास दांपत्याला पुन्हा बोलावलं. ‘कॅसिनो’च्या (1995) आरंभी गाडीत स्फोट होतो आणि रॉबर्ट डी निरोची आकृती ज्वाळांतून, लास वेगासच्या दिव्यांतून गटांगळ्या खात जाते. पुढच्या एप्रिलात बास वारला. 2013 साली त्याच्या जन्मदिनी, 8 मे रोजी, गूगलने आपलं नाव त्याच्या शैलीत हलतं करून दाखवलं.

आता हिंदी-मराठी सिनेमाच्या प्रसिद्धीत मोशन पोस्टर हा ठरलेला टप्पा आहे. ट्रेलरच्या आधी यूट्यूबवर येतो: धूळ, ठिणग्या, विजेचा लोळ, ढोल, आणि धुरातून हळूहळू पुढे येणारा नायकाचा चेहरा. तंत्र बासला स्वप्नातही न सुचणारं, आणि रचना मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधीची: कोणाचा चेहरा किती मोठा, ते करारात ठरलेलं. थांबवून ठेवण्याची कळ तीच असली, तरी थांबवून शेवटी दाखवायचं काय, तर नायक. आणि तो कोण हे सिनेमा जाहीर झाला तेव्हाच सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.