संयुग्मित पॉलिमरांतील प्रकाश उत्सर्जन

ज्या पॉलिमरांच्या कण्यात एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात त्यांना संयुग्मित पॉलिमर म्हणतात. यांपैकी अनेक पदार्थ प्रकाशाने किंवा विद्युत्प्रवाहाने उत्तेजित झाल्यावर स्वतः प्रकाश उत्सर्जित करतात. या प्रकाशाचा रंग व तेज केवळ रासायनिक सूत्रावर ठरत नाही. शृंखलेचा आकार आणि शेजारच्या शृंखलांची मांडणी यांवरही ते अवलंबून असतात.

इतिहास

१९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला विद्युत्वाहक बनवता येते हे दाखवले. या कार्यासाठी त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील रिचर्ड फ्रेंड, अँड्र्यू होम्स व सहकाऱ्यांनी पॉलिफेनिलीन व्हिनिलीन (पीपीव्ही) या पॉलिमराच्या पातळ थरातून विद्युत्प्रवाहाद्वारे हिरवट पिवळा प्रकाश मिळवला.

रेणुरचनेचा परिणाम

शृंखला जितकी सपाट व सलग, तितके इलेक्ट्रॉन अधिक अंतरावर पसरतात आणि प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकतो. शृंखलेला पीळ पडल्यास संयुग्मन खंडित होते व प्रकाश निळ्याकडे झुकतो. पार्श्वशाखांनीही फरक पडतो. पीपीव्ही विद्रावकांत विरघळत नाही. त्याला योग्य शाखा जोडल्यास ते विरघळते आणि त्याचा प्रकाश नारिंगी होतो.

पुंजनाचा परिणाम

विरल द्रावणात शृंखला सुट्या असतात. घन थरात त्या एकमेकींना चिकटून पुंज बनवतात व उत्तेजित ऊर्जा अनेक शृंखलांत वाटली जाते. रेणू समोरासमोर रचले गेल्यास (एच-पुंज) उत्सर्जन मंदावते. एकापुढे एक रांगेत आल्यास (जे-पुंज) ते प्रखर राहते. पॉलिहेक्झिलथायोफीन द्रावणात चांगले चमकते, पण त्याच्या थराचा प्रकाश तांबडा व बराच क्षीण असतो.

याउलट वर्तनही आढळते. २००१ मध्ये हाँगकाँग येथे बेन झोंग तांग यांच्या गटाने, द्रावणात न चमकणारा सिलोल वर्गातील एक पदार्थ पुंजावस्थेत तेजस्वी होतो, असे नोंदवले. द्रावणात त्याची फेनिल वलये फिरत राहतात व ऊर्जा त्या हालचालीत खर्च होते; पुंजात ही हालचाल अडते. असे घटक पुढे पॉलिमरांतही जोडण्यात आले.

रंगातील प्रत्येक बदल मात्र पुंजनामुळे होत नाही. निळा प्रकाश देणाऱ्या पॉलिफ्लुओरीनमध्ये वापरानंतर हिरवट छटा येते. तिचे कारण आधी पुंजन मानले जात असे. ऑक्सिडीकरणातून तयार होणाऱ्या फ्लुओरिनोन घटकांचा त्यात मोठा वाटा असल्याचे नंतरच्या संशोधनात दिसले.

उपयोजन

विद्युत्भार सहज वाहण्यासाठी शृंखला जवळ असाव्या लागतात, तर तेजस्वी उत्सर्जनासाठी बहुधा त्या दूर ठेवाव्या लागतात. प्रकाशदिव्यांसाठी पॉलिमर तयार करताना हा पेच सोडवावा लागतो. त्यासाठी मोठ्या आकाराच्या पार्श्वशाखा जोडतात किंवा विद्रावक व तापमान बदलून थराची घडण नियंत्रित करतात. सौरघटांत मात्र भारवहन महत्त्वाचे असल्याने पॉलिहेक्झिलथायोफीनचे हेच पुंजन उपयुक्त ठरते.