तार्नाक्याची प्रयोगशाळा आणि आमची भाकरी

गणरायाच्या आगमनाबरोबर आपल्या मंडळात दोन गोष्टी न चुकता येतात. एक म्हणजे स्मरणिकेसाठी लेख द्या असा चिटणीसांचा तगादा, आणि दुसरी महाप्रसादाच्या बेतावरून होणारी चर्चा. यंदा दुसरीतून पहिली निघाली. बैठकीत एक तरुण सभासद म्हणाले, "काका, निम्म्या लोकांना शुगर आहे. पुरी-श्रीखंड पुरे झालं, यंदा ज्वारीची भाकरी ठेवू. आपले पूर्वज नुसत्या भाकरीवर ठणठणीत होते!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प राहिलो. त्या 'नुसत्या' शब्दापाशी अडखळलो होतो.

१९७४ साली नोकरीनिमित्त मी नांदेडकडून हैदराबादला आलो आणि इथलाच झालो. कितीतरी वर्षे आमची ऑफिसची बस तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या फाटकावरून जात असे. आत काय चालते याची कधी चौकशी केली नाही. निवृत्तीनंतर मलाही शुगर निघाली, डॉक्टरांनी आहाराचा कागद हातात दिला, आणि मग या विषयावरचे जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे कळले ते आपल्या सर्वांपुढे ठेवतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ही संस्था मूळची हैदराबादची नव्हे. निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, १९१८ साली तिचा जन्म झाला. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन नावाचे डॉक्टर तिथे बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. पाय सुजतात, हातापायांतील शक्ती जाते, हृदय थकते असा तो रोग. सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळावर राहणाऱ्यांना तो होई. तांदळाच्या कोंड्यात जे जीवनसत्त्व असते, ते गिरणीत कोंड्याबरोबर निघून जाते हे त्यामागचे कारण. आंध्रच्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांत तो पुष्कळ होता. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत मात्र कमी, कारण भात उकडताना ते सत्त्व दाण्याच्या आत मुरते. कोकणातल्या मंडळींनी ही ओळ घरी मोठ्याने वाचावी! हेच जीवनसत्त्व १९३६ साली प्रयोगशाळेत तयार करून दाखवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म आपल्या शेजारच्या नेल्लोरचा, ही गंमत मला फार उशिरा कळली.

मॅक्‌कॅरिसन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग उंदरांवरचा. हिंदुस्थानात निरनिराळ्या प्रांतांतली माणसे अंगाने इतकी वेगळी का, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी वीस-वीस उंदरांचे सात गट केले आणि त्यांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असा सात तऱ्हांचा आहार दिला. शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, मद्रासी आहारावरचे १५५. मराठा आहाराचा क्रमांक तिसरा, २२५ ग्रॅम. हे वाचून माझी छाती थोडी फुगली, खोटे का सांगू? शीख आहारात न चाळलेल्या कणकेच्या पोळ्या, दूध-लोणी, डाळ, कच्च्या-शिजलेल्या भाज्या, फळे आणि अधूनमधून मांस होते. पुढे त्यांनी काही उंदरांना इंग्लंडमधल्या गरिबांचा आहार दिला. पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा, उकडलेला कोबी-बटाटा, डब्यातले मांस आणि जॅम. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले आणि शेवटी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. १९३६ साली लंडनमधल्या व्याख्यानांत त्यांनी हे सगळे सांगितले. साहेबाला साहेबाच्याच जेवणाचे असे ऐकावे लागले!

त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. आज डॉक्टर आपल्याला अमुक भाजीत इतके लोह असे सांगतात, त्याचा उगम तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर संचालकपदावर डॉ. व्ही. एन. पटवर्धन आले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, संस्था कुन्नूरहून हैदराबादला हलली. म्हणजे संस्थेचे बिऱ्हाड इथे आणणारे पटवर्धन, आणि त्या फाटकावरून रोज जाऊनही आम्हाला त्याचा पत्ता नाही. असो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो.

आमच्या घरी एक सालगडी होते. आम्ही मुले त्यांना मामा म्हणायचो. वर्षाची ठरलेली ज्वारी, घोंगडी, वहाणा आणि दोन वेळची भाकरी हा त्यांचा करार. सकाळी आजी त्यांच्या फडक्यात तीन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि कांदा बांधून देई. संध्याकाळी पुन्हा तेच. वरण आणि दूध-ताक ओसरीवर आमच्यासाठी असे. दर उन्हाळ्यात मामांच्या मानेभोवती काळा खरबरीत पट्टा उमटायचा, जसा बैलाच्या मानेला जुवाचा घट्टा पडतो तसा. हातांच्या पाठीही काळ्या पडून सोलायच्या. "उन्हाने होतंय," आजोबा म्हणत. १९६२च्या उन्हाळ्यात त्यांना जुलाब लागले, थांबेनात. पुढे ते भ्रमिष्टासारखे करू लागले, रात्री उठून गोठ्यात कोणाशी तरी बोलत बसत. लोक म्हणाले बाहेरचे काहीतरी आहे. त्यांच्या भावाने त्यांना गावी नेले. ते परत आले नाहीत. आमच्याकडे दुसरा गडी लागला.

त्याच सुमारास इथे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया पेलाग्रा या रोगावर काम करत होते. मानेभोवती गळपट्ट्यासारखा काळा डाग, उन्हाने वाढणारा. मग जुलाब, मग मेंदूवर परिणाम. जगात इतरत्र तो मका खाणाऱ्या गरिबांना होई, कारण मक्यातले नायसिन शरीराला नीट मिळत नाही. दख्खनच्या पठारावर मात्र तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसत होता, आणि ज्वारीत नायसिन पुरेसे असते. मग रोग का? १९६० साली या दोघांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडले की, ज्वारीच्या प्रथिनांत ल्यूसिन हे द्रव्य फार असते आणि ते नायसिनच्या कामात अडथळा आणते. यावर पुढे शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली, सगळ्यांना ते पटले असे नाही. पण रोग कोणाला होतो याबद्दल वाद नव्हता. ज्याच्या पोटात सकाळ-संध्याकाळ ज्वारीच जाते, सोबत डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही, त्याला. भाकरी वरण-ताकासोबत खाणारे आम्ही त्याच घरात धडधाकट होतो.

साठ वर्षांनंतर मी मामांच्या रोगाचे निदान करू शकत नाही. पण त्या लेखांतले गळपट्ट्याचे वर्णन वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले, आणि त्या दिवशी जेवण गेले नाही. आमच्या घरी दुभती म्हैस होती. एक वाटी वरण आणि पेलाभर ताक यांना किती खर्च आला असता? आजी वाईट नव्हती. गड्याला गड्याचे जेवण द्यायचे, एवढेच तिला माहीत होते. मॅक्‌कॅरिसन यांच्या यादीतला 'मराठा आहार' आता वाचतो तेव्हा मनात येते, कोणत्या मराठ्याचा? ओसरीवरच्या की गोठ्याजवळच्या?

पुढे ज्वारीची जागा तांदळाने घेतली. १९८३ साली आंध्रात दोन रुपये किलोचा तांदूळ आला, आणि खेड्यापाड्यांत ताट पांढरे झाले. पेलाग्रा विरळ होत गेला आणि आपल्या वाट्याला मधुमेह आला. आता शहरात संध्याकाळी रस्त्याकडेला बायका गरमागरम जोन्ना रोट्टे, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, भाजून विकतात आणि गाडीवाले लोक रांगेत उभे राहून घेतात. गरिबाचे धान्य श्रीमंताचे पथ्य झाले.

तार्नाक्याच्या या संस्थेने २०२४ साली नवी आहार-मार्गदर्शिका काढली. त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दाणे-तीळ यांसारखे ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि शिवाय दूध असा हिशेब आहे. भाज्या आणि फळे मिळून ताटाचा निम्मा भाग. मी घरी एक दिवस हे तराजूवर मोजले. माझ्या ताटात धान्य दुपटीच्या जवळ आणि भाजी दोन चमचे निघाली. सौ. म्हणाल्या, "तीस वर्षे सांगतेय."

तर बैठकीत मी भाकरीला अनुमोदन दिले, पण एक अट घातली. सोबत घट्ट वरण, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. मांडववाले, वीजवाले आणि वाढायला येणारी मुले यांची पंगत शेवटी मागच्या बाजूला बसते आणि तोवर वरण संपलेले असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. यंदा त्यांची पंगत पहिली बसेल, असा ठराव झाला आहे. भाकऱ्या थापायला हात कमी पडत आहेत. ज्या भगिनींना (आणि बंधूंनाही!) जमते, त्यांनी आपली नावे आरतीनंतर चिटणीसांकडे द्यावीत. पीठ मंडळ देईल, परात आपापली आणावी.