इग्बो लोकांची मनुष्यकल्पना

पश्चिम आफ्रिकेंत नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यांत, मुख्यतः तिच्या पूर्वेस, इग्बो लोकांची वस्ती आहे. यांच्यांत बहुतेक ठिकाणीं राजा नव्हता. गांवचा कारभार वडीलधारी मंडळी, समवयस्कांचे संघ आणि गांवसभा यांच्या विचारानें चाले. ज्या समाजांत सिंहासन नाहीं तेथें माणसाच्या प्रतिष्ठेस आधार कशाचा, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर इग्बो भाषेंतच सांपडतें.

मनुष्यास त्या भाषेंत ‘म्मादू’ म्हणतात. ‘म्मा’ म्हणजे चांगलें अथवा सुंदर, आणि ‘दू’ म्हणजे आहे. यावरून ‘जें चांगलें आहे तें’ असा अर्थ कित्येक इग्बो विचारवंत लावतात. मुलांस ठेवलेलीं नांवेंही याच विचाराचीं असतात. ‘न्वाकाएगो’ म्हणजे द्रव्याहून मूल थोर. ‘न्दुबुइसी’ म्हणजे जीवित हेंच मुख्य. प्रत्येक व्यक्तीस तिचा स्वतःचा ‘ची’, म्हणजे जन्मभर सोबत करणारा दैवांश, लाभलेला असतो. परमेश्वराचें नांव ‘चुक्वू’ म्हणजे थोर ‘ची’ असेंच आहे. मात्र हा ‘ची’ ललाटरेषेसारखा अटळ नव्हे. माणसानें होय म्हटलें कीं त्याचा ‘ची’ही होय म्हणतो, अशी म्हण आहे. दुसरी एक म्हण या पुरुषार्थास मर्यादा घालते: घारही बसो, गरुडही बसो; जो दुसऱ्यास बसूं देणार नाहीं त्याचा पंख मोडो.

या विचाराची कसोटी १९२९ सालीं लागली. इंग्रज सरकारनें सनदा देऊन गांवोगांवीं नायक नेमले होते. आधीं पुरुषांची मोजणी झाली आणि १९२८ त त्यांच्यावर कर बसला. पुढल्या वर्षीं नोव्हेंबरांत ओलोको येथें ओकुगो नांवाच्या नायकाचा माणूस न्वान्येरूवा या स्त्रीकडे खानेसुमारीस गेला, आणि शेळ्या, मेंढ्या व माणसें मोजून दे, असें त्यानें सांगितलें. तुझ्या आईची मोजणी झाली काय, असें तिनें उलट विचारलें. माणसें मोजणें तेथें अशुभ मानीत. शिवाय मोजणीमागून कर येतो हा अनुभव ताजा होता.

बाजारांतून बातमी पसरली. शेंकडों स्त्रिया ओकुगोच्या दारीं जमल्या. अपराधी पुरुषाच्या दारीं ठाण मांडून, गाणीं म्हणून त्यास जाब विचारण्याची त्यांची जुनी रीत होती. ओकुगोचें पद गेलें व त्यास तुरुंगवास झाला. चळवळ ओवेरी व कालाबार प्रांतांत फैलावली. कांहीं ठिकाणीं न्यायकचेऱ्या जळाल्या, व्यापारी कोठ्या लुटल्या गेल्या. डिसेंबरांत सरकारी शिपायांनीं गोळीबार केला. पन्नासांहून अधिक स्त्रिया मरण पावल्या. त्यांत शेजारच्या इबिबिओ स्त्रियाही होत्या. सरकारी कागदांत याचें नांव आबाचा दंगा. इग्बो लोक ‘स्त्रियांचें युद्ध’ म्हणतात. पुढें चौकशी झाली आणि कांहीं वर्षांत सनदी नायकांची पद्धति मोडली.

तथापि या उदात्त कल्पनेस घरचाच एक डाग होता. देवतांस वाहिलेले ‘ओसू’ लोक व त्यांचे वंशज यांच्याशीं इतर इग्बो सोयरीक करीत नसत, त्यांस बरोबरीचे समजत नसत. घारीस जागा द्या म्हणणाऱ्यांनीं आपल्याच कांहीं लेंकरांस फांदीवर बसूं दिलें नाहीं. १९५६ सालीं पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळानें ही प्रथा कायद्यानें रद्द केली. तरी चिनुआ आचेबे यांच्या १९६० सालच्या कादंबरींतील सुशिक्षित नायकास ओसू कुळांतील मुलीशीं लग्न करण्यास घरूनच विरोध होतो, आणि सोयरीक जुळवितांना कुळाची चौकशी आजही पुष्कळ ठिकाणीं होते.

माणूस हा शेळ्यामेंढ्यांच्या हिशेबांत धरावयाचा नव्हे, हें ओलोकोच्या स्त्रियांनीं सरकारास बजावलें. तोच मान घरच्या उंबरठ्यावर ओसूस देण्याचें काम मात्र इग्बो समाजापुढें अद्याप उरलेलें आहे.