मतलबचे हापसे

बांगलादेशात मतलब नावाचा एक भाग आहे (आपल्या 'मतलबी'शी गल्लत नको!). ढाक्याहून पन्नासेक किलोमीटरवर, मेघनेच्या काठचा सखल मुलूख. १९६० साली ढाक्यात कॉलऱ्यावर संशोधन करायला एक प्रयोगशाळा निघाली, १९६३ पासून तिने मतलबमध्ये ठाण मांडलं आणि १९६६ पासून तिथल्या गावागावांतले जन्म-मृत्यू नोंदले जातायत. आमच्यासारख्या डेटाबेसवाल्यांना हेवा वाटावा असा प्रकार.

त्या काळचं गणित अगदी सरळ होतं. लोक तळ्याचं, कालव्याचं पाणी पितात म्हणून पोरांना जुलाब होतात. गावात हापसे बसवा, जमिनीखालचं स्वच्छ पाणी द्या, जुलाब थांबतील. इनपुट बदललं की आउटपुट बदलणारच ना!

नाही बदललं. १९७६ मध्ये लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मतलबचे आकडे छापले. हापशाचं पाणी पिणाऱ्या घरांतही कॉलरा आणि जुलाब कमी नव्हते. पाण्यात काही खोट होती का? तर तसंही नाही. लोक हापशाचं पाणी फक्त प्यायला वापरत होते. आंघोळ, भांडी, स्वैपाक, सगळं जुन्याच तळ्यावर. आणि यात नवल काय? लांबच्या हापशावरून कळशी आणायची तर माणूस प्यायपुरतंच आणेल. उरलेल्या कामांना दाराशी तळं आहेच की.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते १९८२ च्या एका अभ्यासाने. ब्लॅक, ब्राउन वगैरे मंडळींनी ग्रामीण बांगलादेशात वरचं खाणं सुरू झालेल्या पोरांच्या वाटीतलंच अन्न तपासलं. ४१ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला. पाण्याच्या ५० टक्के नमुन्यांत होता, म्हणजे वरवर पाहता पाणीच जास्त घाण. पण जंतूंची संख्या बघितली तर अन्नात ती पाण्याच्या साधारण दहापट! उकडलेला भात त्यातल्या त्यात बरा, आणि सगळ्यात वाईट काय? दूध आणि मुद्दाम बाळासाठी केलेलं खाणं. शिजवलेलं अन्न उकाड्यात तसंच ठेवलं की जंतू वाढत जातात, एवढीच गोष्ट. इथे 'आईला स्वच्छता शिकवा' म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. फ्रिज नाही, सरपण मोजकं, शेतातली कामं डोक्यावर. अशी बाई तान्ह्या पोरासाठी दिवसातून पाच वेळा चूल कशी पेटवणार? बाळ एका वेळी खाणार दोन घास, उरलेलं ठेवावंच लागतं.

(हापशांची पुढची कथा वेगळीच. १९९३ मध्ये बांगलादेशात त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. असो, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

आता एकदम २०१८ ला येऊ. बांगलादेशातल्याच खेड्यांत साडेपाच हजारांहून जास्त गरोदर बायका घेऊन मोठी चाचणी झाली. कुणाला पाण्यासाठी क्लोरीन, कुणाला संडास, कुणाला हात धुवायची सोय आणि साबण, कुणाला बाळासाठी पूरक आहार, कुणाला सगळं एकत्र. काहीच न दिलेल्या गटात ५.७ टक्के पोरांना जुलाब. नुसत्या क्लोरीनच्या गटात ४.९, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक नाहीच. संडास ३.५, हात धुणं ३.५, आणि नुसता आहार? तोही ३.५! सगळं एकत्र दिलं तरी ३.५ च. बेरीज होतच नाही. मला वाटतं, कुपोषित पोराला जंतू लवकर धरतो, आणि जुलाबाने ते आणखी खंगतं. या चक्रात एकाच ठिकाणी हात घातला तरी पुढच्या पायऱ्या थोड्या ढिल्या पडत असाव्यात.

हा निकाल वाचून मी खूश झालो होतो. मग त्याचीच जोड-चाचणी वाचली, केनियाच्या खेड्यांत झालेली, त्याच वर्षी छापलेली. तिथे यातल्या कशानेच जुलाब कमी झाले नाहीत. एक फरक दिसतो तो असा, की बांगलादेशात कार्यकर्त्या महिन्यातून अनेकदा घरी जायच्या आणि केनियात साधारण महिन्यातून एकदा.