रेडिओ कंप्रता शक्तिमापन

रेडिओ कंप्रतेच्या तरंगांनी दर सेकंदास वाहून नेलेली ऊर्जा मोजण्याच्या क्रियेस रेडिओ कंप्रता शक्तिमापन म्हणतात. अल्प कंप्रतेच्या मंडलात विद्युत् दाब व प्रवाह मोजून शक्ती काढता येते. परंतु सूक्ष्मतरंगांच्या बाबतीत या दोन्ही राशी वाहक मार्गावर जागोजागी बदलत असल्याने शक्ती हीच प्रत्यक्ष मोजावी लागते.

या मापनाचे मूळ अमेरिकन ज्योतिर्विद सॅम्युएल पी. लँग्ली यांनी १८८० च्या सुमारास सौर प्रारणाच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या बोलोमीटरात आहे. तापल्याने रोध बदलतो, हे त्याचे तत्त्व होय. दुसऱ्या महायुद्धात रडारबरोबर थर्मिस्टर संवेदक पुढे आले आणि १९७० नंतरच्या दशकात तपयुग्म व डायोड संवेदक प्रचारात आले. डायोडामुळे वॉटच्या एक हजार कोटीव्या भागाइतकी शक्तीही मोजता येऊ लागली; पण त्याबरोबर विद्युत् गोंगाटाचा प्रश्न तीव्र झाला. इतक्या दुर्बल संकेताचे लागोपाठ घेतलेले दोन वाचनांक सहसा जुळत नाहीत.

त्यावरील उपाय म्हणजे अनेक वाचनांकांची सरासरी. यादृच्छिक गोंगाट वाचनांकांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो : ४ वाचनांकांनी तो निम्मा, १०० वाचनांकांनी एक-दशांश होतो. म्हणजे अचूकतेची किंमत वेळाने मोजावी लागते, व ही किंमत झपाट्याने वाढते. शून्यस्थितीतील चूक मात्र सरासरीने मुळीच जात नाही. त्यासाठी संकेत बंद करून मापक शून्यावर आणावा लागतो. सरासरी वॉटमध्ये काढावी, डेसिबेलमध्ये नव्हे, हेही अनेकदा विसरले जाते. १ मिलिवॉट व ०·१ मिलिवॉट यांची खरी सरासरी ०·५५ मिलिवॉट आहे; डेसिबेलांची सरासरी घेतल्यास ती सु. ०·३२ मिलिवॉट येते.

मापके संगणकास जोडण्यासाठी १९७५ मध्ये आयईईई-४८८ हे मानक स्वीकारण्यात आले. परंतु आज्ञांची भाषा उत्पादकागणिक वेगळी राहिली. १९९० मध्ये एससीपीआय या समाईक आज्ञासंहितेने ती पुष्कळशी एकरूप झाली. सरासरी चालू वा बंद करणे, वाचनांकांची संख्या ठरविणे किंवा ती निवड मापकावरच सोपविणे, या गोष्टी अशा आज्ञांनी करता येतात. सरकत्या सरासरीत प्रत्येक नव्या वाचनांकाबरोबर निष्कर्ष मिळतो; तथापि शक्ती एकदम बदलल्यास जुने वाचनांक बाहेर पडेपर्यंत तो खोटाच असतो. माणूस तबकडीकडे पाहत थांबत असे. संगणक थांबत नाही. म्हणून मापन पूर्ण झाले की नाही हे विचारणारी आज्ञा आज्ञावलीत नसेल, तर चुकीचा आकडा बिनबोभाट नोंदला जातो.

मुंबई उपनगरात अंधेरीजवळील मरोळच्या परिसरात केंद्र शासनाने १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) स्थापन केले. ते आरंभी केवळ इलेक्ट्रॉनीय मालासाठी होते. रत्ने व दागिने यांचा उद्योग तेथे नंतर आला. अशा निर्यातीत विक्रेत्याचा व दूरदेशीच्या ग्राहकाचा मापक एकच आकडा दाखवील तरच व्यवहार टिकतो. जवळच्या पवई येथे भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या आवारात सूक्ष्मतरंग संशोधनासाठी ‘समीर’ ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली.

सरासरीचा मोठ्या प्रमाणावरील उपयोग महाराष्ट्रातच पाहावयास मिळतो. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ मध्ये कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांचा रेडिओ व्यतिकरणमापक उभारला व पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरबीण बांधली. तिच्या तबकड्या सु. २५ किमी. परिसरात विखुरलेल्या असून त्यांचे नियंत्रण प्रकाशीय तंतूंच्या द्वारे मध्यवर्ती कक्षातून होते. तेथेही निरीक्षणाचा काळ चौपट केला, तर गोंगाट निम्मा होतो. म्हणून एखाद्या अंधुक दीर्घिकेसाठी खगोलशास्त्रज्ञ तासन्‌तास संकेत साठवीत राहतात.